‘का?’ असे विचारणाऱ्या मुलांचे चित्रपट

लहान मुलांचा चित्रपट म्हटला की आपल्याकडे दोनच प्रकार डोळ्यांपुढे येतात. एक, टीव्हीवर दिवसभर चालणारी मारामारीची कार्टून्स. दुसरा, शेवटी एखादा मोठा माणूस उभा राहून तात्पर्य सांगतो तो उपदेशपट. पहिल्याला मूल म्हणजे गिऱ्हाईक वाटते आणि दुसऱ्याला मातीचा गोळा. मूल हा विचार करणारा माणूस आहे, हे दोघांच्याही गावी नसते. मुले बिघडली म्हणून आपण तक्रार करतो. पण त्यांच्यापुढे आपण काय ठेवले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मुलांच्या बुद्धीवर विश्वास ठेवून काढलेले चित्रपट जगात आहेत. ते आपल्या घराघरांत पोहोचलेले नाहीत, इतकेच. त्यातल्या काहींची ओळख येथे करून द्यायची आहे. पहिला मान अर्थातच किरिकूचा.

‘किरिकू आणि चेटकीण’ हा फ्रेंच भाषेतील अॅनिमेशनपट १९९८ साली आला. त्याचे दिग्दर्शक मिशेल ओसलो. ते फ्रेंच असले तरी त्यांच्या बालपणाचा काही काळ पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशात गेला. तेथील लोककथेचा धागा घेऊन त्यांनी हा चित्रपट उभा केला. पात्रांचे आवाज सेनेगलमधील डाकार येथे आफ्रिकी कलावंतांकडून घेतले. संगीत सेनेगलचेच विख्यात गायक युसू एन्दूर यांचे आणि वाद्येही तिथलीच. १९९९ मध्ये फ्रान्समधील आनसी येथील अॅनिमेशन महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

कथा अशी आहे. एका गावावर काराबा नावाच्या चेटकिणीची दहशत आहे. गावचा झरा आटला आहे. बायकांचे सोने तिने काढून घेतले आहे. तिच्याशी लढायला गेलेले पुरुष परत आलेले नाहीत; तिने त्यांना खाल्ले, असे सगळे धरून चालतात. अशा गावात किरिकू जन्माला येतो. आईच्या पोटातूनच तो बोलू लागतो आणि स्वतःच स्वतःला जन्म देतो. तो वीतभर उंचीचा आहे, पण पळण्यात वाऱ्याला मागे टाकतो. गावातली इतर मुले त्याला हसतात, खेळात घेत नाहीत. या एवढ्याशा पोराने विचारलेला एक प्रश्न मात्र साऱ्या गावात आजवर कोणी विचारलेला नसतो. तो विचारतो, काराबा दुष्ट का आहे?

मोठी माणसे या प्रश्नावर खेकसतात. चेटकीण आहे म्हणून दुष्ट आहे, दुष्ट आहे म्हणून चेटकीण आहे; त्यात विचारायचे काय? आपल्या ओळखीचे हे उत्तर आहे. असेच चालत आले आहे, असेच असते, मोठ्यांना उलट विचारायचे नसते, ही वाक्ये ज्याने लहानपणी ऐकली नाहीत असा माणूस विरळा. किरिकूला हे उत्तर पटत नाही. तो जाऊन पाहतो. झरा चेटकिणीच्या शापाने आटला आहे, असे गाव मानत असते. किरिकू आत शिरतो आणि त्याला दिसते की आत एक अवाढव्य प्राणी बसून सगळे पाणी पीत आहे. तो त्याला तापल्या लोखंडाने भोसकतो आणि गावाला पाणी मिळते. ज्याला शाप म्हटले गेले त्याच्यामागे एक दिसणारे, हात लावता येणारे कारण होते.

पुढे तो जमिनीखालून वाट काढत डोंगरातल्या आपल्या शहाण्या आजोबांकडे पोहोचतो. तेथे त्याला खरी हकीकत कळते. काराबा माणसे खात नाही. तिने त्यांना निर्जीव पुतळे करून आपल्या नोकरीला ठेवले आहे. ती माणसे खाते ही अफवा लोकांनीच पसरवली आणि तिने ती पसरू दिली, कारण भीतीवरच तिची सत्ता चालते. आणि ती अशी का झाली? काही पुरुषांनी तिला धरून तिच्या पाठीत एक विषारी काटा रुतवला होता. त्या काट्यानेच तिला मंत्रशक्ती दिली आणि त्याच काट्याच्या वेदना ती अहोरात्र भोगते आहे. मुलांच्या चित्रपटात स्त्रीवरील अत्याचाराची गोष्ट इतक्या संयमाने आणि इतक्या स्पष्टपणे सांगितलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. लहान मुलाला काटा कळतो, मोठ्या माणसाला काट्यामागचे कळते.

किरिकू आजोबांकडे रक्षणासाठी ताईत मागतो. आजोबा देत नाहीत. गंडेदोरे बांधून लढायला आलेल्यांना हरवणे काराबाला चांगलेच जमते; ज्याच्या अंगावर काहीच नाही आणि जो डोके वापरतो, त्याच्यापुढे तिचा इलाज चालत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. आपल्या वस्त्यांतून आजही पोरांच्या गळ्यात आणि दंडावर काय काय बांधले जाते ते आठवावे, म्हणजे या प्रसंगाचे मोल कळेल. शेवटी किरिकू तो काटा आपल्या दातांनी उपटतो. काराबा मुक्त होते आणि पुतळे झालेली माणसेही परत येतात.

वकिली करताना रोज एक गोष्ट दिसते. आरोपीने काय केले यावर महिनोन् महिने पुरावा चालतो. ते का घडले, हा प्रश्न शिक्षेच्या वेळी दहा मिनिटांत उरकला जातो. कारण शोधणे म्हणजे गुन्हा माफ करणे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. किरिकू काराबाचा अन्याय एक क्षणही सहन करत नाही. तो तिच्याशी लढतो, तिला फसवतो, तिच्या हातून लोकांना वाचवतो; आणि त्याच वेळी कारणही शोधत राहतो. लढाई आणि चिकित्सा एकाच माणसाला करता येतात, हे पाच वर्षांच्या मुलाला समजेल असे येथे दाखवले आहे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. तो काटा रुतवणाऱ्या पुरुषांचे पुढे काय झाले, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यांना जाब विचारणारे कोणी नाही. शेवटी किरिकू एका चुंबनाने तरुण होतो आणि काराबाशी त्याची जोडी जमते, हा जुन्या परीकथांचा ठसा आहे. मुलांबरोबर बघताना या गोष्टींवर जरूर बोलावे. एका बाबतीत मात्र ओसलो यांना दाद दिली पाहिजे. गावातील स्त्रिया तिथल्या पूर्वीच्या रीतीप्रमाणे उघड्या छातीने वावरतात. त्यांना कपडे घाला, असा पैसे गुंतवणाऱ्यांचा आग्रह होता. ओसलो यांनी तो मानला नाही. दुसऱ्याच्या समाजाची गोष्ट सांगताना तो समाज आपल्या सोयीने झाकायचा नसतो, हे भान त्यांनी राखले.

आफ्रिकेच्या या लोककथेत जादू आहे. इराणच्या बालचित्रपटांत जादू जवळजवळ नाहीच, तरीही कल्पनाशक्तीत ते कमी नाहीत. तेथे १९६५ साली बालक आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी एक सरकारी संस्था निघाली. तिला थोडक्यात ‘कानून’ म्हणतात. हा फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ केंद्र. आमच्या कोर्टातल्या ‘कानून’शी त्याचा संबंध नाही. संस्थेने वाचनालये काढली, पुस्तके छापली आणि चित्रपटही काढले. १९७९ च्या क्रांतीत राजवट बदलली, पण संस्था टिकली. अब्बास किआरोस्तामी यांचा पहिला लघुपट १९७० साली येथेच तयार झाला.

याच संस्थेसाठी किआरोस्तामी यांनी १९८७ साली ‘मित्राचे घर कुठे आहे?’ हा चित्रपट केला. अहमद या शाळकरी मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. वहीत गृहपाठ लिहिलेला नसेल तर शाळेतून काढून टाकीन, असे मास्तरांनी त्या मित्राला दटावलेले असते. वही परत करायला अहमद शेजारच्या गावी धावत जातो. आई ऐकून घेत नाही. आजोबा मुलांना शिस्तीसाठी अधूनमधून मारलेच पाहिजे असे तत्त्वज्ञान सांगत बसतात. रस्त्यात भेटणारा प्रत्येक मोठा माणूस आपल्याच नादात असतो. घर काही सापडत नाही. शेवटी अहमद रात्री बसून स्वतःच्या वहीबरोबर मित्राच्या वहीतही गृहपाठ लिहितो. नियमाच्या दृष्टीने ही लबाडीच. पण पाहणाऱ्या कोणत्या मुलाला ती लबाडी वाटेल? आज्ञा पाळणे आणि न्यायाने वागणे यांतला फरक भल्या भल्या कायदेपंडितांना सांगता येत नाही, तो येथे एका वहीने सांगितला आहे.

माजिद मजिदी यांचा १९९७ चा ‘स्वर्गाची मुले’ अनेकांना ऐकून ठाऊक असेल. ऑस्करच्या परकीय भाषा विभागात नामांकन मिळालेला हा पहिला इराणी चित्रपट. २०१० मध्ये त्यावर ‘बम बम बोले’ हा हिंदी चित्रपटही निघाला. अलीच्या हातून बहिणीचे, झहराचे, बूट हरवतात. बापाकडे नवे घ्यायला पैसे नाहीत. मग एकच जोड दोघे भावंडे पाळीपाळीने घालून शाळेत जातात. हाच बाप मशिदीसाठी साखर फोडून देत असतो. समोर ढीगभर साखर असते, पण स्वतःच्या चहासाठी त्यातला खडाही तो घेत नाही, कारण ती दुसऱ्याची ठेव आहे. पुढे झहराला आपले बूट दुसऱ्या एका मुलीच्या पायात दिसतात. भाऊ-बहीण तिच्या घरापर्यंत जातात. तिचा बाप आंधळा आहे, हे पाहतात आणि काही न बोलता परत फिरतात.

गरिबी दाखवणारे चित्रपट आपल्याकडे पुष्कळ निघाले. त्यातले बहुतेक प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढण्यात आणि त्याची दया मिळवण्यात धन्यता मानतात. येथे झहरा आणि अली कोणाची दया मागत नाहीत. त्यांना राग येतो, ती भांडतात, युक्त्या काढतात, साबणाचे फुगे उडवतात. झोपडीतल्या मुलाने स्वतःला पडद्यावर पाहावे आणि त्याची मान खाली जाऊ नये, ही या चित्रपटाची खरी कमाई आहे.

जरा मोठ्या, म्हणजे बारा वर्षांवरील मुलांसाठी ‘द ब्रेडविनर’ हा २०१७ चा अॅनिमेशनपट पाहावा. आयर्लंडच्या नोरा टूमी त्याच्या दिग्दर्शिका. तालिबानच्या काबूलमध्ये परवानाच्या शिक्षक बापाला पकडून नेतात. बाईमाणसाने एकटीने घराबाहेर पडायचे नाही असा हुकूम असल्याने घरात अन्न येणे थांबते. मग परवाना केस कापून मुलगा होते आणि घर चालवते. धाकट्या भावाला ती सुलेमान नावाच्या मुलाची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगते. ही गोष्ट आपल्या मेलेल्या थोरल्या भावाची आहे, हे शेवटी उलगडते. खेळणे समजून उचललेल्या वस्तूचा स्फोट होऊन तो गेलेला असतो. जे घरात कोणाच्या तोंडून निघत नव्हते, ते परवाना गोष्टीच्या आधाराने बोलते. कल्पनाशक्ती म्हणजे पलायन, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी सहावीनंतरचे मुलींचे शिक्षण बंद केले, हे मुलांना सांगितले तर चित्रपट आणखी जवळ येईल.

आता आपल्या घरचे. १९५५ साली स्थापन झालेली भारतीय बालचित्रपट समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र उभे असलेले सरकारी घर त्यामुळे राहिले नाही. तेव्हा ही जबाबदारी पालकांनी, शिक्षकांनी आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनीच घेतली पाहिजे. शाळेच्या कार्यक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरता चित्रपट दाखवण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. समाजमंदिरात जाहीर खेळ लावायचा असेल तर मात्र हक्कधारकाची परवानगी घ्यावी. भाषेची अडचण फार मोठी नाही. एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने पडद्याशेजारी बसून संवाद मराठीत सांगत राहावे; मुले चित्रावरूनच निम्मे समजून घेतात.

एक पथ्य मात्र पाळावे. चित्रपट संपला की उठून तात्पर्य सांगू नये. थोडा वेळ गप्प बसावे आणि मुलांना बोलू द्यावे. काराबाच्या पाठीत काटा कोणी रुतवला, अहमदने वहीत लिहिले ते बरोबर की चूक, झहराने बूट का मागितले नाहीत, हे ती आपणहून विचारतील. आणि असा प्रश्न आला की किरिकूच्या गावकऱ्यांसारखे खेकसू नये. उत्तर ठाऊक नसेल तर मुलाबरोबर बसून शोधावे.