एका विरळ शब्दाची पारख

इंग्रजी शोधनिबंध संपादनासाठी समोर येतो, तेव्हा बरीचशी कामे वाचता वाचता उरकतात. क्रियापदाचा काळ, स्वल्पविराम, संदर्भांची मांडणी यांचे नियम ठरलेले असतात आणि हाताला त्यांची सवय झालेली असते. खरे थांबावे लागते ते एखाद्या विरळ शब्दापाशी. मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत संशोधन करणारी कितीतरी माणसे असे शब्द आस्थेने जमवतात. ‘क्लिअर’ आणि ‘क्लॅरिटी’ वापरून झिजले, की त्यांच्या जागी ‘लुसिड’, ‘लिंपिड’, ‘पेल्युसिड’ आणि ‘पर्स्पिक्युइटी’ येऊ लागतात. छोट्या कोशात पाहिले तर सगळ्यांपुढे स्वच्छ, पारदर्शक, सुबोध असेच काहीसे लिहिलेले. तरीही यांतला एक काढून दुसरा ठेवला, की वाक्य लंगडते. कोणता शब्द कुठे बसतो याचा निवाडा कॉपी एडिटरच्या टेबलावर कसा होतो, ते सांगते.

साहित्याच्या प्रबंधांत एका धर्तीचे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: समीक्षकाच्या पर्स्पिक्युइटीमुळे कादंबरीतली दडलेली रचना उघड होते. इथे पहिला प्रश्न अर्थाचा नसतो, मालकीचा असतो. हा गुण कोणाचा? वाक्यात तो समीक्षकाचा आहे, आणि अडचण तिथेच आहे. लॅटिनमध्ये आरपार पाहणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्याच्यापासून इंग्रजीत दोन विशेषणे आली. ज्यातून आरपार दिसते ते ‘पर्स्पिक्युअस’, आणि ज्याला आरपार दिसते तो ‘पर्स्पिकेशस’. पहिल्याचे नाम पर्स्पिक्युइटी, दुसऱ्याचे पर्स्पिकॅसिटी. मजकूर, शैली, युक्तिवाद पहिल्याच्या वाट्याला. माणूस, त्याची नजर, त्याची पारख दुसऱ्याच्या. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात ही जोडी मुद्दाम वेगळी करून दाखवली आहे. म्हणजे ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही इथे घसरत आले आहेत. मोठ्या कोशांत पर्स्पिक्युइटीचा ‘सूक्ष्म दृष्टी’ हा जुना अर्थही नोंदलेला सापडतो, आणि लेखक कधी कधी त्याचा आधार घेतात. पण कोशात नोंद आहे एवढ्याने आजचा वाचक अडखळायचा थांबत नाही.

असे वाक्य मी परस्पर बदलत नाही. लेखकाला समीक्षकाची नजर म्हणायची असेल किंवा त्याच्या लेखनाची सुबोधताही म्हणायची असेल; दोन्ही शक्य असते. म्हणून समासात कॉमेंट टाकते, दोन्ही अर्थ साध्या शब्दांत मांडते आणि कोणता हवा ते विचारते. प्रश्न असा असावा, की लेखकाला एका ओळीत उत्तर देता यावे. ‘शब्द चुकीचा वाटतो’ एवढेच लिहिले तर तो तिसराच शब्द घालतो आणि काम पुन्हा पहिल्या जागी येते.

कोश उघडला, की माझी नजर आधी उदाहरणांकडे जाते. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात सुमारे १ लाख १४ हजार अवतरणे दिली. शब्द कुणी, कशाविषयी वापरला हे त्यांतून दिसते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तीच वाट रुंद केली. त्याची कल्पना १८५७ मध्ये मांडली गेली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले १९२८ मध्ये. मधल्या काळात हौशी वाचक पुस्तके वाचून एकेका शब्दाचे वाक्य, लेखक आणि साल चिठ्ठीवर उतरवून पाठवत राहिले. आज हे काम संगणकावरच्या शब्दसंग्रहांनी सोपे केले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे. त्यात एखादा शब्द शोधला, की तो पडद्यावर मधल्या रकान्यात एकाखाली एक लागतो, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पुस्तकांतली, बातम्यांतली, संभाषणांतली वाक्ये दिसतात. ही वाक्ये आडवी वाचायची नसतात. डोळा वरून खाली सरकवायचा आणि शब्दाच्या लगेच पुढे काय येते ते पाहायचे. ‘लुसिड’च्या पुढे विवेचन आणि गद्य येते, तसा शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा क्षणही येतो. ‘लिंपिड’ पाण्यासोबत, डोळ्यांसोबत आणि नितळ शैलीसोबत दिसतो. कार्यालयीन नियमांच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नाही. ‘पर्स्पिक्युअस’ मुळात थोडाच दिसतो, आणि दिसतो तो बहुधा तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र किंवा वक्तृत्वशास्त्र यांच्या आसपास. शब्दाचे हे सोबती कळले, की त्याचा वापर निम्मा कळला.

उरलेला निम्मा त्या त्या विषयाकडून शिकावा लागतो. वनस्पतिशास्त्राच्या निबंधात ‘पेल्युसिड’ आला आणि तो अवजड वाटून संपादकाने ‘क्लिअर’ केला, तर ते नुकसान आहे. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले. त्यांचे पान उजेडासमोर धरून पाहावे. पात्यात बारीक, उजेड झिरपू देणारे ठिपके दिसतात. त्या तेलग्रंथी. कुळाच्या वर्णनात त्यांना ‘पेल्युसिड’ ठिपकेच म्हणतात, आणि ओळख पटवताना ही खूण उपयोगी पडते. सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजाभोवतीच्या आवरणाचे शास्त्रीय नाव ‘झोना पेल्युसिडा’ आहे. अशा ठिकाणी शब्द म्हणजे पारिभाषिक संज्ञा असते, आणि संज्ञेला पर्याय शोधायचा नसतो.

पर्स्पिक्युइटीचे माहेर वक्तृत्वशास्त्र. रोमन अध्यापक क्विंटिलियन यांनी पहिल्या शतकात सुबोधतेला वक्तृत्वाचा पहिला गुण मानले. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज कॅम्पबेल यांनी १७७६ च्या ग्रंथात तिच्यावर सविस्तर लिहिले, आणि ह्यू ब्लेअर यांच्या १७८३ च्या व्याख्यानसंग्रहातही तिला मानाची जागा आहे. कॅम्पबेल यांची एक विभागणी मला रोज कामाला येते. सुबोधतेविरुद्धचे दोष त्यांनी तीन गटांत घातले: धूसर वाक्य, दोन अर्थ निघणारे वाक्य आणि अर्थच न लागणारे वाक्य. धूसरपणा बहुधा शब्दांचा क्रम बदलून किंवा लांब वाक्य तोडून जातो. दोन अर्थ निघत असतील तर सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते ते पाहायचे. तिसऱ्या प्रकाराला मात्र संपादक काही करू शकत नाही. तिथे लेखकाचाच विचार अजून पिकलेला नसतो, आणि वाक्य आदराने परत पाठवणे हाच उपाय.

कधी शब्द अगदी योग्य जागी असतो, तरी वाक्य कामाचे नसते. एखाद्या अहवालात लिहिलेले असते, की मार्गदर्शक सूचनांची पर्स्पिक्युइटी सुनिश्चित करण्यात यावी. सूचना म्हणजे मजकूर, तेव्हा शब्दाचा वापर चोख. पण कोणी काय करायचे, हे त्यातून कळत नाही. अर्नेस्ट गोवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ मध्ये सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिले, ते अशाच गद्यासाठी. अशा जागी मी लेखकाला सुचवते: अर्जासोबत कोणते कागद जोडायचे हे अर्जदाराला एका वाचनात कळेल, अशा सूचना लिहा. शब्द गेला आणि सुबोधता आली.

उलट, तत्त्वज्ञानाच्या निबंधांत तोच शब्द जपावा लागतो. लुडविग विट्‌गेन्स्टाइन यांच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये एक कळीची कल्पना आहे: आपण शब्द कसे वापरतो याचे असे चित्र मांडायचे, की सगळे दुवे एका नजरेत यावेत. १९५३ च्या इंग्रजी अनुवादात एलिझाबेथ ॲन्स्कोम यांनी मूळ जर्मन विशेषणासाठी ‘पर्स्पिक्युअस’ निवडला, आणि पुढच्या पिढ्यांची चर्चा त्याच शब्दात झाली. पीटर हॅकर आणि योआखिम शुल्टे यांनी सुधारलेल्या २००९ च्या आवृत्तीत त्या जागी ‘सर्व्हेएबल’ आला. त्यामुळे असा निबंध आला, की मी आधी ग्रंथसूची उघडते. सूचीत २००९ ची आवृत्ती आणि मजकुरात अवतरण म्हणून ‘पर्स्पिक्युअस’ असेल, तर लेखकाने वाचले एक आणि उतरवले दुसरे, किंवा आवृत्तीचे साल चुकले. पृष्ठक्रमांक पडताळायचे, प्रश्न पाठवायचा, आणि उत्तर आले की स्टाइल शीटवर नोंद करायची: विट्‌गेन्स्टाइनच्या कल्पनेसाठी हा शब्द कायम, इतरत्र ‘क्लिअर’.

नवे शब्द शिकणाऱ्या तरुण लेखकांना मी एवढेच सांगते, की विरळ शब्द भेटला की त्याचा अर्थ पाठ करू नका; चांगल्या लेखकांची तो शब्द असलेली वाक्ये वहीत उतरवा. तो माणसाला लागतो की मजकुराला, कोणत्या विषयात वावरतो, शेजारी कोणते शब्द येतात, हे वहीत आपोआप जमत जाते. मग स्वतःच्या वाक्यातून तो काढून त्या जागी साधा शब्द ठेवून पाहा. काहीच हरवत नसेल, तर साधाच राहू द्या. काही हरवत असेल, तर विरळ शब्द निर्धास्त वापरा. वाचक त्यासाठी कोश उघडेल, तेवढे कष्ट त्याला मागायला हरकत नाही. त्या कष्टांच्या बदल्यात साध्या शब्दाने मिळाले नसते असे काहीतरी त्याच्या हाती पडले पाहिजे.