टबमधले राष्ट्रपती आणि सेन्सॉरची कात्री

आणीबाणीला ५० वर्षं झाली. भाषणं झाली, सत्कार झाले, आरोप-प्रत्यारोपही झाले. स्थानबद्ध झालेल्या लाखाहून अधिक लोकांची आठवण निघाली, ती निघायलाच हवी. पण तुरुंगाबाहेर राहून सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून लोकांना हसवणाऱ्यांचा उल्लेख कुठेच दिसला नाही.

पहिला नमुना मुंबईचाच. २८ जून १९७५ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये 'डी. ई. एम. ओक्रसी' नावाचे गृहस्थ २६ जूनला वारल्याचं छापून आलं. पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी. नावं मोठ्यानं वाचली की डेमॉक्रसी, ट्रूथ, लिबर्टी! जाहिरात दिली होती पत्रकार अशोक महादेवन यांनी. बातम्या आणि अग्रलेखांवर नजर ठेवणाऱ्यांच्या ती ध्यानातही आली नाही.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी तर थेट राष्ट्रपती भवनच गाठलं. १० डिसेंबर १९७५ चा 'इंडियन एक्स्प्रेस' काढून पाहा. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद टबमध्ये आंघोळ करताहेत. दाराच्या फटीतून आत आलेल्या हाताला ते सही केलेला कागद देतात आणि सांगतात, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. घटनेचं काय झालं होतं, हे सांगायला आणखी एका शब्दाचीही गरज नव्हती. हे चित्र छापलं गेलं. अबूंच्या इतर कित्येक चित्रांना सेन्सॉरनं परवानगी नाकारली. आणि १९४८ पासून चाललेलं 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक तर ऑगस्ट १९७५ मध्ये बंदच झालं.

विनोदानं आणीबाणी उठली, असा दावा मी करणार नाही. पण भीती माणसाला एकटं पाडते. त्या चित्रावर हसणाऱ्याला मात्र कळत होतं की आपल्यासारखेच आणखी हजारो जण आज हसले असणार. माझ्या मते विनोदाचं खरं काम एवढंच, आणि ते फार मोठं आहे. १९७७ च्या प्रचारसभांत पु. ल. देशपांडे बोलायला उभे राहिले, तेव्हा दबलेलं हेच हसू मैदानात मोकळं झालं.

२०१२ मध्ये आणीबाणी नव्हती. तरी व्यंगचित्रांवरून असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. म्हणून आणीबाणीचा निषेध करणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारायला हवं: तुमच्या नेत्यावरचं व्यंगचित्र तुम्हाला चालतं का?