भुशावर चालणारा हिशोब

शंभर किलो ऊस गाळला तर साखर हाती येते जेमतेम दहा-अकरा किलो. उसात बहुतांश पाणीच. शिवाय मागे राहतो तीसेक किलो ओलसर भुसा, थोडे मोलॅसिस आणि प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. साखर कारखाना तगणार की नाही, हे आता या उरल्यासुरल्यावरही ठरते.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा धंदा मुख्यतः साखरेचा होता. पण साखरेचा भाव पडला तरी शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, चौदा दिवसांत द्यावी लागते. एकाच मालावर विसंबणारा कारखाना इथेच अडकतो. म्हणून उरल्यासुरल्याचेही पैसे केले जातात: भुसा बॉयलरमध्ये जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि गरजेपेक्षा जास्तीची वीज ग्रीडला, मोलॅसिसपासून इथेनॉल, प्रेसमडपासून खत किंवा बायोगॅस. पर्यावरणाचे भले होते ते होतेच, पण संचालक मंडळाला पटते ती या मालातून येणारी रक्कम!

अर्थात इथेनॉलही बिनधोक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले आणि नव्या डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्यांची झोप उडाली.

खरी कच्ची बाजू मात्र शिवारात आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पाणी पितो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तोही उसाचाच जिल्हा. विहिरी आटल्या की गाळपाला ऊस येत नाही; म्हणून सभासदांच्या शेतात ठिबक पोहोचवणे ही कारखान्याचीच गुंतवणूक ठरते.