मराठी-उर्दू वेबसाइट आणि तपासणीची खोटी घंटा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांनी आता मालाची वेबसाइट उघडली आहे. त्यातील कित्येक वर्डप्रेसवर उभ्या आहेत, कारण 2003 साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि मराठी, उर्दू, अरबी भाषांतही मिळते. सोबत सुरक्षेची तपासणी करणारे एखादे प्लगइन लावलेले असते. एके दिवशी त्याचा ई-मेल येतो की मूळ फाइलमध्ये बदल आढळला आहे. मालकाचे धाबे दणाणते. मग कोणी घाईने ती फाइल पुसून टाकतो, तर कोणी 'साफसफाई' करून देणाऱ्याला पैसे मोजून मोकळा होतो. म्हणून या इशाऱ्याचा अर्थ काय, ते आम्ही येथे सांगत आहोत.

अशा वेळी तपासणीला व्हायरस सापडलेला असतोच असे नाही. तिने फक्त ताडून पाहिलेले असते. प्रत्येक फाइलमधील मजकुरावरून गणिताने 32 अक्षरे-आकड्यांचा एक ठसा निघतो, आणि मूळ फाइलींचे असे ठसे वर्डप्रेसकडे ठेवलेले असतात. खातेवहीच्या पानाची बेरीज आपण ताळ्याला लावतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की बेरजेत दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. येथे एक स्वल्पविराम हलला तरी सगळा ठसा बदलतो. तुमची प्रत आणि मूळ प्रत एक नाही, इतकेच इशारा सांगतो. फरक कोणी केला आणि कशासाठी, हे तो सांगत नाही.

गोम आहे ती येथेच. मराठी किंवा उर्दू पॅकेज इंग्रजी पॅकेजपेक्षा थोडे वेगळेच असते. 'व्हर्शन डॉट पीएचपी' या फाइलीत भाषा सांगणारी एक जादा ओळ असते : 'डब्ल्यूपी लोकल पॅकेज', आणि पुढे मराठीसाठी 'एमआर', उर्दूसाठी 'यूआर', अरबीसाठी 'एआर'. काही भाषांत 'रीडमी' आणि नमुन्याची कॉन्फिग फाइलही भाषांतरित असते. तपासणीने इंग्रजी ठसे समोर धरले की या फाइली 'बदललेल्या' ठरतात. 2024 सालच्या 6.5 आवृत्तीपासून भाषांतराच्या फोल्डरमध्ये पीएचपी जातीच्या फाइलीही येऊ लागल्या. त्यांत शब्दांच्या यादीपलीकडे काही नसते, पण पीएचपी म्हटले की संशय येतो.

तेव्हा आधी फाइलीचे नाव पाहावे आणि ती मुळीच पुसू नये. 'व्हर्शन डॉट पीएचपी' गेली तर वेबसाइट उघडणारच नाही, आणि ऐन ईदच्या हंगामात दुकान बंद पडेल. बहुतेक प्लगइनमध्ये दोन्ही प्रती शेजारी-शेजारी दाखवण्याची सोय असते. फरक त्या एका ओळीचाच असेल तर काळजी नाही. त्याखेरीज एक अक्षरही जादा दिसले तर मात्र थांबावे, कारण चोर याच फाइलीतही शिरू शकतो. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला सांगावे की ठसे आपल्या भाषेच्या पॅकेजशी ताडून दे. वर्डप्रेसने प्रत्येक भाषेचे ठसे वेगळे ठेवले आहेत.

खरी लागण बहुधा दुसरीकडे असते. फोटोंच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी फाइल, 'इव्हॅल' व 'बेस64' या शब्दांशेजारी न वाचता येणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ, आपण न नेमलेला ॲडमिन, गिऱ्हाईक भलत्याच साइटवर जाणे. यांपैकी काही दिसले तर जाणकाराला बोलवावे, पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

शंका राहिलीच तर आधी बॅकअप घेऊन 'अपडेट्स'मधून वर्डप्रेस पुन्हा बसवावे. मालाची यादी व फोटो जागेवर राहतात. इंग्रजी पॅकेज बसवले तरी दुकानाची मराठी जात नाही, भाषांतराचे फोल्डर वेगळे असते.

इशारा दडपायचा असल्यास 'फाइल पुन्हा बदलेपर्यंत' हा पर्याय निवडावा, 'कायमचे' हा नव्हे. नवी आवृत्ती आली की हीच फाइल बदलेल व तोच ई-मेल पुन्हा येईल. ती ओळ पाहायला तेव्हाही दोनच मिनिटे लागतील.