परका आला रे, परका!

मुलांनो, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या दक्षिणेस हेदवी नावाचे गाव आहे. दशभुज गणेशाच्या देवळामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. या गावच्या किनाऱ्यावर काळ्या खडकात एक अरुंद घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या घळीत शिरली, की कोंडलेले पाणी मोठा आवाज करीत आकाशाकडे उसळते. तेथे उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर पाणी आणि आभाळ यांवाचून दुसरे काही दिसत नाही.

अशा ठिकाणी क्षितिजावर एखादे अनोळखी शीड उगवले, तर पाहणाऱ्याच्या मनात काय येईल? हे कोण? व्यापारी, की लुटारू? कोकणपट्टीतील माणसांनी हा प्रश्न शतकानुशतके स्वतःला विचारला आहे. हेदवीच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशी गोपाळगड आणि दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड उभे आहेत, ते काही उगाच नव्हे. कोकणात गावाच्या सीमेवर राखणदार असतो, अशी श्रद्धा आहे. सीमा म्हटली, की तिच्या आत ‘आपण’ आले आणि बाहेर ‘ते’ आले.

ज्याला गोष्ट लिहावयाची आहे, त्याला ही भीती फार उपयोगी पडते. गोष्टीला संघर्ष हवा. आणि परका दाराशी आला, की संघर्ष आपल्या पायांनी चालत येतो. परंतु तो नीट उभा करणे दिसते तितके सोपे नाही. आपण एक गाव कल्पून पाहू. ते हेदवीसारखेच समुद्राकाठी आहे. माड आहेत, पोफळी आहेत, खाडीच्या मुखाशी होड्या आहेत. एका पहाटे मोडकी होडी वाळूत रुतलेली आढळते आणि तिच्याशेजारी एक मनुष्य बसलेला असतो. त्याची भाषा कोणालाच कळत नाही.

‘गाव घाबरले’ एवढे लिहून येथे भागत नाही. गाव कधी एका मनाने घाबरत नसते. कोळी म्हणतील, याच्या मागून आणखी होड्या आल्या, तर आमच्या जाळ्यांत काय उरेल? गोड्या पाण्याची विहीर एकच असेल, तर वाटणीची चिंता आहे. ज्या आजीने साथीत घरची माणसे गमावली, ती त्याच्या खोकल्याला भिईल. आणि ज्याने शेजाऱ्याचा बांध कोरला आहे, तो या गडबडीत मनातून खूषच होईल. कारण आता त्याच्याकडे कोणी पाहणार नाही! भीतीची अशी मुळे लेखकाने त्या गावच्या पाण्यात, जमिनीत आणि आठवणींत शोधली, म्हणजे ते कल्पित गाव खरे वाटू लागते.

जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७२६ साली गलिव्हरच्या प्रवासाची कथा प्रसिद्ध केली. वीतभर उंचीच्या माणसांच्या लिलिपुट बेटावर गलिव्हर वाहून येतो आणि ती माणसे त्याला झोपेतच दोऱ्यांनी जखडून टाकतात. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. या पर्वतप्राय पाहुण्याला पोसता पोसता देशात दुष्काळ पडेल, असे राजाच्या मंत्र्यांना वाटू लागते. त्याला उपाशी ठेवावे, की विषारी बाणांनी मारावे, असा खल चालतो. पाहा, भीती कशी हिशेबातून आली आहे! तेवढ्यात काही टवाळखोर त्याच्यावर बाण सोडतात. सैनिक त्यांतील सहा जणांना बांधून गलिव्हरच्याच हाती देतात. तो पाच जणांना खिशात घालतो, सहाव्याला जणू गिळणार असे तोंड करतो, चाकू काढतो आणि त्याच्या दोऱ्या कापून त्याला अलगद जमिनीवर सोडून देतो. मग उरलेल्यांनाही. ही वार्ता दरबारात पोहोचते आणि मंत्र्यांचे मत पालटते. भीती एकाएकी नाहीशी झाली असती, तर कथा पोकळ झाली असती. ती एका कृतीने हलली, म्हणून आपल्याला पटते.

परका म्हणजे राक्षसच हवा, असेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तीत परका कोण, तर एक तरुण शाळामास्तर! औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर तो शिकवावयास येतो. परंतु मुले शाळेत बसली, तर मेंढरांमागे कोण जाणार? वाडी त्याला मारीत नाही, हाकलीत नाही. ती फक्त दूर राहते. हळूहळू लोक त्याच्याकडे अडचणी घेऊन येऊ लागतात, पुढे सारे मिळून तालीम बांधतात. माझ्या मते तलवारींच्या खणखणाटापेक्षा हा मूक संघर्ष लिहावयास अधिक कठीण आहे.

एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली मंगळावरील प्राण्यांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची कादंबरी लिहिली. युरोपीय लोकांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याचा उल्लेख त्यांनी आरंभीच केला आहे. दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर बंदुका घेऊन उतरणाऱ्यांना त्यांनी भ्यालेल्यांच्या जागी उभे केले. तेव्हा परक्याचे भय नेहमीच खोटे असते, असे समजू नका. टास्मानियातील लोकांचे भय पूर्णपणे खरे ठरले होते.

पण आपल्या कोकणचीच दुसरी एक कथा आहे. बेने इस्राएल या ज्यू समाजात असे सांगतात, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हा समाज कोकणात तेल गाळण्याचा धंदा करू लागला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठीच झाली. नाव वेगळे पडले, पण त्या नावात भय नव्हते. शेजाऱ्याने शेजाऱ्याची एक सवय टिपून ठेवली होती, इतकेच.

आता जे सांगावयाचे आहे, ते लिहिताना लेखणी अडखळते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. अफवा हीसुद्धा एक रचलेली कथाच असते. तिच्यातही गाव असते, परका असतो आणि भय असते. नसतो तो परक्याचा चेहरा. त्याला नाव नसते, भूक नसते, घरी वाट पाहणारी मुले नसतात. पुस्तकातील गोष्टीत आपण त्या माणसाजवळ बसतो, पाने उलटता उलटता त्याला ओळखू लागतो. अफवा एवढी उसंत देत नाही.

आपल्या कल्पित गावातील तो मनुष्य अजून वाळूतच बसला आहे. ऊन वर चढले आहे. देवळापाशी सारे जमले आहेत, गाऱ्हाणे घालावयाचे की दांडके उचलावयाचे, यावर वाद चालू आहे. ज्याने बांध कोरला, त्याचा आवाज सर्वांत मोठा आहे. एवढ्यात आजीची नात करवंटीत पाणी घेऊन, ते सांडू नये म्हणून हळूहळू पावले टाकीत, वाळू उतरू लागते. आजी तिला हाक मारते. मुलगी थांबते आणि मागे वळून पाहते.