‘इज’चा आय मोठा

सकाळी 6:00
मलकापूरच्या आगाशिवनगरातलं दोन खोल्यांचं घर. इथं नळाला चोवीस तास पाणी असतं, त्यामुळे पहाटे घागरी भरायची घाई नाही. मीटर आहे, जपून वापरायचं एवढंच. चहा होईपर्यंत शिकवणीच्या मॅडम कागदावर इंग्रजी निबंधांची शीर्षकं उतरवतात. सगळी मुद्दाम दुसऱ्या लिपीत, म्हणजे लहान अक्षरांत. मोठं अक्षर कुठं द्यायचं, ते मुलांनी ठरवायचं.

सकाळी 7:00
नववीची शिकवणी. उतारे, काळ, प्रश्नोत्तरं. साडेआठला पोरं दप्तरं उचलून पळतात.

सकाळी 9:40
ढेबेवाडी फाट्याजवळ झेरॉक्स. एका प्रतीला दोन रुपये, पंचवीस प्रतींचे पन्नास. मुलामागे महिन्याची फी पाचशे. झेरॉक्स, मार्कर, शाई, सगळं त्यातूनच. परतताना दुकानांच्या पाट्या बघत यायचं. मेडिकल, टायर, हॉटेल, सगळं इंग्रजी पहिल्या लिपीत, म्हणजे मोठ्या अक्षरांत. शाळेबाहेर मुलं इंग्रजी वाचतात ती बहुतेक इथंच. मग वहीतही अख्खं शीर्षक तसंच उतरतं.

दुपारी 1:30
चाररेघी वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन. मॅडम काट मारत नाहीत. चुकलेल्या अक्षराभोवती गोल करतात, दुरुस्ती मुलानं करायची. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, मुलांना दोन्ही लिप्या येतात. अडतं ते निवडताना. देवनागरीत ‘आगाशिव’चा आ आणि ‘आंब्या’चा आ एकच. आगाशिव डोंगराचं नाव लिहिताना वेगळं काही करायची सवय हाताला नसते. शेवटच्या वहीपर्यंत मॅडमची मान आखडते.

संध्याकाळी 5:30
सहावीची मुलं सतरंजीवर. फळ्यावर ‘हेल्थ इज वेल्थ’, सगळं लहान लिपीत. एच मोठा, डब्ल्यू मोठा, यावर एकमत. ‘इज’ला कुणी हात लावत नाही.
“का रे?”
“मॅडम, दोनच अक्षरं हायती.”
“बरं. ‘इज’ पुसून वाच.”
“हेल्थ... वेल्थ.”
“अर्थ लागला?”
“न्हाई.”
“क्रियापद आहे ते. कितीही बारकं असू दे, शीर्षकात त्याचं पहिलं अक्षर मोठं.”
पोरगा उठून स्वतः आय मोठा करतो. शब्दाची लांबी मोजायची नाही, त्याचं काम बघायचं. मला हा सगळ्या दिवसातला सर्वात मोलाचा क्षण वाटला.
मग कलामांचं ‘विंग्ज ऑफ फायर’. ‘ऑफ’ जोडण्यापुरता, तो लहान. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मध्ये पहिल्या ‘द’चा टी मोठा, दुसऱ्याचा लहान. एक मुलगी लगेच हरकत घेते, शब्द तर एकच आहे. मॅडम म्हणतात, “पहिला आणि शेवटचा शब्द कुठलाही असो, मोठाच.” पाठोपाठ ‘अ व्हिजिट टू आगाशिव केव्हज’. तिथला ‘अ’ तिनं न विचारता मोठा केला.

संध्याकाळी 7:00
दहावीतला एकजण दोन वर्तमानपत्रं घेऊन आलाय. ‘द हिंदू’च्या मथळ्यात पहिला शब्द आणि विशेषनामं तेवढी मोठी, दुसऱ्यात जवळपास सगळेच शब्द. बरोबर कोण? दोघंही. ‘वुइथ’ या शब्दाबाबतही असंच. इंग्रजी लेखनाच्या शिकागो नियमपुस्तकात तो लहान. एपीए या दुसऱ्या लेखनपद्धतीत चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द मोठा, म्हणून ‘वुइथ’ही मोठा. “एक पद्धत धर. परीक्षेचा पेपर संपेपर्यंत सोडू नकोस.” त्याचं समाधान पुरतं झालेलं नाही. वर्तमानपत्रं दप्तरात कोंबत तो पुन्हा ‘वुइथ’वरच वाद घालतो. अशी मुलं शिकवणीत असायला हवीत.

रात्री 8:40
सहावीतल्या पोराची आई दारात. हातात तीनशे रुपये.
“मॅडम, ऱ्हायलेलं उसाचं बिल आल्यावर दिलं तर चालंल न्हवं?”
“चालेल की ताई. त्याची वही बघा, आज चांगलं लिहिलंय.”
फीच्या वहीत नोंद होते. तीनशे जमा, दोनशे येणे. खाली आणखी एक ओळ : मार्करची शाई संपत आलीय, उद्या आणायची.