दिवाडीची मानस आणि सरकारी नकाशा

ओहोटी लागली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, लाकडी दारे आपसूक उघडतात आणि शेतात साचलेले पाणी मांडवीत जाते. भरती चढली की नदीच्याच रेट्याने ती घट्ट मिटतात. ना मोटार, ना वीज. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे आणि बांधावर थोडे थांबावे, एवढेच हे बघायला लागते. पर्यटक मात्र थेट टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चकडे पळतात.

बेटावर मोटारीने यायला पूल नाही. कोकण रेल्वे बेटावरूनच जाते, पण थांबत नाही.

इथली सखल जमीन म्हणजे खाजन. भरतीला नदीचे पाणी शेताहून उंच असते आणि मधे चिखल-चिऱ्यांचा बांध. आत खारेपणा सोसणारा कोरगुट भात. बांधाची राखण पूर्वी गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, करी. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होतो आणि तंट्याचे मूळही पुष्कळदा तेच. मासळीवाल्याला खारे पाणी आत हवे, भातवाल्याला बाहेर.

हद्दीच्या भांडणाचा तर दिवाडकरांनी सणच केला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराम असतो. वाड्यावाड्यांतल्या हद्दी दाखवायला लावलेली निशाणे लोक दगड मारून पाडत, अशी त्याची कथा सांगतात. आता पोरे बांबूच्या फोटाशीतून फळे उडवतात.

जमिनीबाबत इतके हळवे असलेले लोक जमीनवापराच्या सरकारी आराखड्याचा कागद बारकाईने वाचणारच. गोवा बचाव अभियान या नागरी चळवळीच्या रेट्यापुढे २००७ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' रद्द झाला. नंतरच्या आराखड्याचे नकाशे हरकतींसाठी पंचायतींकडे आले आणि आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात रंगवलाय, हे लोक शोधू लागले. २०२१ मध्ये किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यावर जनसुनावणी झाली. तिच्यावर इतके आक्षेप आले की ती पुन्हा घ्यावी लागली. गोवाभरची तक्रार एकच होती: चेन्नईच्या संस्थेने केलेल्या नकाशात बांध, मानशी, खाजने धड दिसत नाहीत. २०११ च्या किनारी अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांत विकासकामांना मनाई केली, हे खरे. पण नकाशात खाजनच नसेल, तर मनाई लावायची कशाला?

दुसरा पेच निसर्गप्रेमींनाही अडचणीचा आहे. बांध फुटून तसाच राहिला की शेतात खारे पाणी शिरते आणि काही वर्षांत खारफुटी माजते. ती तोडायला कायद्याची बंदी. उपग्रहाला ते हिरवेगार संरक्षित क्षेत्र दिसते, कोमुनिदादच्या दप्तरात मात्र ते भातशेत असते. कुणी बांध मुद्दाम दुर्लक्षिला, कुणाचा नाइलाज झाला, हे शेजारच्या बांधावरचा माणूसच सांगू शकतो.

म्हणून वाटते, अशी सुनावणी सभागृहात घेऊच नये. ओहोटीची वेळ बघून मानशीजवळ घ्यावी. साहेबांनी चपला हातात धरायची तयारी तेवढी ठेवावी. तिथला चिखल पोटरीपर्यंत येतो.